लिटरने घ्या, किलोने जाळा

(एका विज्ञान मंडळाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'पेट्रोलच्या वस्तुमान प्रवाहदराचे आकारमान प्रवाहदरात रूपांतर'. म्हणजे तासाला किती किलो पेट्रोल गेलं यावरून किती लिटर गेलं ते काढायचं. तो वाचूनही तुम्ही आलात, आणि भर पावसात आलात. एकतर तुम्हाला विषयाची खरंच आवड असणार, नाहीतर नंतरच्या बटाटेवड्यांची बातमी फुटलेली असणार. (हशा)

माझी पहिली अडचण अध्यक्षांनीच करून ठेवलीय. कॅनडातल्या त्या इंधन संपलेल्या विमानाची गोष्ट मी राखून ठेवली होती, ती त्यांनी प्रास्ताविकातच सांगून टाकली. आता माझी दहा मिनिटं मोकळी झाली आणि ती मी दुसरीकडे कुठेतरी उधळणार, हे आधीच सांगतो. फक्त त्यांनी गोष्ट सांगितली, आकडे सांगितले नाहीत. ते मी पुरवतो. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो इंधन. टाक्यांत पट्टी बुडवून मोजलं तर होतं ७,६८२ लिटर. लिटरचे किलो करायला ०.८०३ ने गुणायचं. यांनी गुणलं १.७७ ने, कारण १.७७ हा लिटरचे पाउंड करायचा आकडा होता आणि तोपर्यंतची सगळी विमानं पाउंडांत चालायची. भरायला हवं होतं वीस हजार लिटर, भरलं पाच हजारांच्या आत. एकेचाळीस हजार फुटांवरून उडताना इंधन संपत आलं आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकाने ते धूड घरंगळत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, म्हणून सगळे वाचले.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. पाण्याचा लिटर एक किलोचा असतो, हे चौथीतल्या पोराला माहीत असतं. विमानाचं इंधन पाण्यावर तरंगतं. मग त्याचा लिटर पावणेदोन किलोचा कसा असेल? तो आकडा किती जणांच्या हातून गेला आणि एकालाही खटकला नाही! गणित सगळ्यांना येत होतं. घनता, म्हणजे एका लिटरचं वजन किती किलो, हा कुणीतरी दिलेला आकडा, तो घ्यायचा आणि गुणायचं, एवढंच डोक्यात होतं. माझा आजचा राग आहे तो या सवयीवर.

इंजिनाला लिटर कळत नाही, हे आधी नक्की करून घेऊ. सिलिंडरात जे होतं ते रसायनशास्त्र. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि हा हिशोब दोन्हीकडे वजनाचा आहे. उष्णता मिळते तीही किलोमागे, साधारण ४३ मेगाज्यूल. आपण मात्र पेट्रोल घेतो लिटरने, टाकी सांगतो लिटरमध्ये, गाडीचं ॲव्हरेज सांगतो लिटरमागे. लिटर आणि किलो यांच्या मधे घनता उभी आहे, आणि तिला आपण दारातच ठेवलीय.

आता हात वर करा. इंजिनिअरिंग झालेले बरेच जण दिसतायत. आय.सी. इंजिनच्या प्रॅक्टिकलला पेट्रोलची घनता तुमच्यापैकी कुणी प्रत्यक्ष मोजली होती?

बघा. एकही हात नाही.

लॅबमध्ये फियाटचं चार सिलिंडरचं इंजिन असायचं, मॉर्स टेस्टसाठी, म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून इंजिनाची ताकद मोजायची चाचणी. भिंतीला पॅनल, पॅनलवर ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, वर टाकी, खाली तीन तोंडांचा कॉक. कॉक फिरवला की टाकी बंद आणि इंजिन ब्युरेटमधलं पिऊ लागायचं. पातळी वरच्या खुणेला आली की एकाने ओरडायचं, दुसऱ्याने स्टॉपवॉच दाबायचं, तिसऱ्याने रीडिंग लिहायचं आणि उरलेल्या बॅचने दाराशी उभं राहून कँटीनच्या दिशेने बघायचं. समजा वीस सीसी पेट्रोल छत्तीस सेकंदांत संपलं. तासाला दोन लिटर. इथवर सगळं मोजलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं. पुढच्या ओळीत गुणिले ०.७४, म्हणून तासाला १.४८ किलो. हे ०.७४ आलं कुठून? मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. तिथे कुठून आलं? त्याच्या मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. गुरुशिष्यपरंपरेने, एक अक्षर न बदलता!

मी बरीच वर्षं बाहेरचा परीक्षक म्हणून फिरलो. व्हायवाला माझा हा ठरलेला प्रश्न.

"हे ०.७४ कुठून आणलंत?"

"सर, दिलेलं आहे."

"कुणी दिलंय?"

"सर, सरांनी."

एकदा विदर्भातल्या एका कॉलेजात एका मुलाने ठणकावून सांगितलं, "सर, तो कॉन्स्टंट आहे." एप्रिल महिना, दुपारची वेळ, पत्र्याचं छप्पर, आणि इंधनाचं पॅनल सायलेन्सरच्या पाइपापासून हातभर अंतरावर. मी त्याला म्हटलं, ब्युरेटला हात लाव. लावला. "सर, गरम आहे." मग थर्मामीटर शोधायला शिपाई धावला. पेट्रोल ४३ अंशांवर होतं. आता ०.७४ ही जर १५ अंशांवरची घनता धरली, तर ४३ अंशांवर ती होते ०.७१५ च्या आसपास. म्हणजे वजनात साडेतीन टक्क्यांची चूक, आणि सगळी एकाच बाजूला. इंजिन आहे त्याहून साडेतीन टक्के खादाड दिसणार. त्या मुलाच्या जर्नलमध्ये औष्णिक कार्यक्षमता काय लिहिली होती? २४.३७ टक्के. दशांशचिन्हापुढे दोन आकडे! (हशा) त्या सदतिसाची मला अजूनही गंमत वाटते. मुलाला मी पूर्ण मार्क दिले. त्याने निदान हात तरी लावला होता. त्याच्या सरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता, पुढच्या वर्षी मला तिथलं बोलावणं आलं नाही.

पंपावर हीच घनता कायद्याने तुमच्यासाठी मांडून ठेवलेली असते, पण तिच्याकडे बघतो कोण? आपण बघतो मीटरवरच्या शून्याकडे. "शून्य बघा साहेब" हे तो पोऱ्या म्हणतो आणि आपण गंभीर चेहऱ्याने शून्य बघतो. शंका आली तर पाच लिटरचं माप मागायचं, वैधमापनाचा शिक्का असलेलं. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. तीस मिलिलिटर कमी निघालं तर आपण पंप डोक्यावर घेतो, आणि घ्यायलाच हवा. पण पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगतं. १५ अंशांऐवजी ३५ अंशांवरचं पेट्रोल घेतलं तर पाच लिटरमागे वजनाने १०० मिलिलिटरहून जास्तीचा फरक पडतो. त्याबद्दल कुणी भांडत नाही. भांडावं असंही माझं म्हणणं नाही, कारण पुण्या-नागपुरात पंधरा अंशांचं पेट्रोल कुणालाच मिळत नाही, सगळ्यांना सारखंच गरम मिळतं. कॅनडात मात्र पंपच तापमान बघून लिटर दुरुस्त करतो आणि १५ अंशांवरचे लिटर दाखवतो. थंड देशात हे विकणाऱ्याच्या सोयीचं आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आता कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. पहाटे थंडीत पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला. पेट्रोल असतं जमिनीखालच्या टाकीत, हजारो लिटर. बाहेर पहाटे दहा आणि दुपारी तीस झाले तरी खाली पेट्रोलला त्याचा पत्ता नसतो. पहाटे उठायचं असेल तर टेकडीवर जा.

माझ्या घराजवळच्या एका पंपावर मी एकदा घनता मोजायचा हायड्रोमीटर मागितला. ग्राहकाला मागता येतो. मॅनेजरनी आधी मला खुर्ची दिली. मग चहा. मग विचारलं, "काका, काही तक्रार आहे का?" म्हटलं, तक्रार नाही, कुतूहल आहे. कुतूहलाचं रजिस्टर त्यांच्याकडे नव्हतं. (हशा) शेवटी पेटी निघाली. हायड्रोमीटरवरचा वेष्टणाचा कागद तसाच होता. काचेच्या उंच जारमध्ये नोझलमधून पेट्रोल घेतलं, हायड्रोमीटर सोडला, थर्मामीटर सोडला. हायड्रोमीटर थोडा वेळ हलतो, जारच्या काचेला चिकटला तर बोटाने हलकेच फिरवून सोडवायचा, आणि डोळा पातळीला आणून वाचायचं. वाचन आलं ७३१, म्हणजे मघाच्या भाषेत ०.७३१, तापमान ३० अंश. तक्त्यात बघायचं, पण तोंडी हिशोबही येतो. दर अंशाला ०.९ मिळवायचे. पंधरा अंशांचे साडेतेरा. म्हणजे १५ अंशांवर ७४४.५ किलो प्रति घनमीटर. टँकरच्या चलनावरची घनता होती ७४५. तीनपर्यंतचा फरक चालतो. पेट्रोल चोख. मॅनेजर माझ्यापेक्षा खूश झाले. मला म्हणाले, "काका, हे असं आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं."

आणि गंमत पुढे आहे. भेसळ नाही, सगळं चोख, तरी पेट्रोलची घनता प्रमाणानुसार ७२० ते ७७५ मधे कुठेही असू शकते. एका टँकरचं ७२५, दुसऱ्याचं ७५५, दोन्ही कायदेशीर, भाव एकच. वजनात चार टक्क्यांचा फरक. बऱ्याच पंपांच्या पावतीवर घनता छापलेली असते. पावती आपण चुरगळून गाडीच्या दारातल्या कप्प्यात टाकतो.

आता माझा आवडता किस्सा. घड्याळाकडे बघू नका, ते काम अध्यक्ष करतायत.

फॉर्म्युला वनवाल्यांना ही लिटर-किलोची भानगड आपल्याआधी कळली, कारण तिथे प्रत्येक चमचा पेट्रोलावर डोळा असतो. १९८४ साली नियम केला: एका शर्यतीला २२० लिटर पेट्रोल, मध्येच भरायचं नाही. लिटर म्हणजे लिटर. मग टीमच्या इंजिनिअरांनी काय केलं? पेट्रोल थंड केलं. चांगलं गारठवून टाकीत ओतलं. पेट्रोल आकसतं, तितक्याच लिटरमध्ये जास्त किलो बसतात. तीस-पस्तीस अंशांनी थंड केलं तर चार टक्के जास्त, म्हणजे आठ-नऊ लिटर फुकट! शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यांना बाकीच्या गाड्या रडत चालायच्या तेव्हा हे आठ लिटर सोन्याच्या मोलाचे. पुढे तर इंधनच जड बनवलं, टोल्युइनने भरलेलं. टोल्युइनची घनता ०.८७. नियम लिटरचा, मग लिटरचं वजन वाढवा, झालं! नंतर नियम आला की पेट्रोल भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहून जास्त थंड ठेवायचं नाही. नियम करणारे आणि नियम वाकवणारे यांच्यातली ही शर्यत गाड्यांच्या शर्यतीपेक्षा मला जास्त आवडते.

शेवटी शहाणपण आलं. २०१४ साली नियम किलोत आला. त्या वर्षी एका शर्यतीला १०० किलो पेट्रोल, आणि इंजिनात जाणारा प्रवाह कधीही तासाला १०० किलोच्या वर नाही, असा तो होता. १०० किलो प्रति तास म्हणजे सेकंदाला २७.८ ग्रॅम. घनता ०.७५ धरली तर तासाला १३३ लिटर, सेकंदाला ३७ सीसी. आणि शर्यत जवळपास तीनशे किलोमीटरची, म्हणजे गाडीचं ॲव्हरेज झालं सव्वादोन. आपल्याकडे असली गाडी लग्नाच्या मुलाला कुणी देणार नाही. (हशा)

किलोचा नियम आला, आता वाद मिटला असं वाटेल. पण किलो मोजायचे कसे? गाडीत बसवला होता अल्ट्रासॉनिक मीटर. नळीत एका टोकाकडून दुसरीकडे ध्वनीचा ठोका सोडायचा, मग उलट दिशेने. प्रवाहाबरोबर जाणारा ठोका लवकर पोचतो, उलटा जाणारा उशिरा. त्या फरकातून वेग मिळतो, वेगातून लिटर. बघा, पुन्हा लिटर! मग तापमान मोजायचं, त्या इंधनाचा तक्ता बघायचा, घनता काढायची आणि लिटरचे किलो करायचे. म्हणजे नियम किलोत, पण मोजणी लिटरमध्ये, आणि मध्ये पुन्हा आपली तीच घनता. तापमानात एका अंशाची चूक झाली तर शंभर किलोत १२० ग्रॅमची चूक.

१६ मार्च २०१४, मेलबर्न. मोसमातली पहिली शर्यत. रेड बुलचा डॅनियल रिकार्डो, ऑस्ट्रेलियन पोरगा, घरच्या मैदानावर दुसरा आला. लोक वेडे झाले, व्यासपीठावर सत्कार झाला. आणि काही तासांनी निकाल आला, रिकार्डो बाद. प्रवाह १०० किलोच्या वर गेला होता. टीमचं म्हणणं होतं की मीटरच बिघडलेला, शुक्रवारच्या सरावापासून तो उलटसुलट आकडे दाखवत होता, म्हणून आम्ही इंजेक्टरच्या हिशोबावरून आमचा आकडा काढला आणि तो नियमात होता. शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयए या संघटनेने शर्यत चालू असतानाच त्यांना प्रवाह कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी केला नाही. अपील झालं, एप्रिलमध्ये तेही फेटाळलं गेलं.

मला यात कोण खरं कोण खोटं यात रस नाही. नियम सांगतो आमचा मीटर मानायचा, तर मानायचा. मला रस आहे तो या गोष्टीत की दोन्ही बाजूंना जगातले उत्तम इंजिनिअर, आणि भांडण कशावर, तर एका तासात किती लिटर गेले त्याचे किलो किती झाले यावर. आपल्या जर्नलमधली दुसरी ओळ! तिथे कुणी "सर, दिलेलं आहे" म्हटलं असतं तर...

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. खाली दोन रेघा मारल्यात. बरं. मग पत्रिकेवरचा विषय आता उरकतो.

सूत्र एका ओळीचं. आकारमान प्रवाहदर म्हणजे वस्तुमान प्रवाहदर भागिले घनता. ग्रॅम प्रति सेकंदचे किलो प्रति तास करायला ३.६ ने गुणा, मग ०.७४५ ने भागा, लिटर प्रति तास मिळाले. दोन्ही एकत्र केलं तर ग्रॅम प्रति सेकंद गुणिले ४.८३. उलट जायचं तर भागिले ४.८३. ताळा असा: पेट्रोलमध्ये लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा यायला हवा. लहान आला तर तुम्ही भागायच्या जागी गुणलंय. ही पडताळणी फुकट आहे, करा.

घनता कुठली घ्यायची? जिथले लिटर हवेत तिथल्या तापमानाची. पावतीवरची घनता १५ अंशांची असते, ती तशीच वापरली तर १५ अंशांवरचे लिटर मिळतील, तुमच्या टाकीतले नाही. १५ च्या वरच्या दर अंशाला ०.०००९ वजा करा. चाळीस अंशांपर्यंत एवढं पुरेसं आहे, त्याहून काटेकोर हवं तर तक्ते आहेत.

गॅरेजवाल्यांसाठी एक. इंजेक्टर बाहेरून मागवलात तर माप पाउंड प्रति तास असतं, आपलं सीसी प्रति मिनिट. एका पाउंडाला साडेदहा सीसी असं सगळे गुणतात. त्या साडेदहात ०.७२ घनता लपलेली आहे. शिवाय बरेच इंजेक्टर कारखान्यात पेट्रोलवर तपासतच नाहीत, हेप्टेनवर तपासतात, आणि ते पेट्रोलहून हलकं. तेव्हा कॅटलॉगमधला आकडा कशावर घेतलाय ते आधी विचारा.

घनता नकोच असेल तर कोरिऑलिस मीटर. तो थेट वजन मोजतो, कंप पावणाऱ्या नळीच्या पिळावरून. सीएनजीच्या पंपावर असाच मीटर असतो, म्हणून सीएनजी किलोने मिळतो. यावरून एक भाबडी समजूत. "माझी गाडी पेट्रोलवर वीस देते, सीएनजीवर सव्वीस." अहो, वीस लिटरमागे आणि सव्वीस किलोमागे! पेट्रोलचे वीस भागिले ०.७४ केले तर किलोमागे सत्तावीस झाले. फायदा आहे, तो भावात आहे, ॲव्हरेजमध्ये नाही.

शेवटचं, मोबाइल ॲपवाल्यांसाठी. गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात त्या खाचेला, ते छोटं यंत्र लावून तुम्ही लिटरमागे किती ते बघता. ज्या गाड्यांत हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे, तिथे ॲपला मिळते फक्त हवा, ग्रॅम प्रति सेकंद. बऱ्याच छोट्या गाड्यांत तोही नसतो, तिथे दाबावरून अंदाज करतात. समजा ताशी साठच्या वेगाला हवा १२ ग्रॅम प्रति सेकंद. ॲप १४.७ ने भागतं, ०.८२ ग्रॅम पेट्रोल. ०.७४ घनता धरून तासाला चार लिटरच्या आत. ॲव्हरेज पंधरा. पण तुमच्या टाकीत आज ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या एका किलोला नऊच किलो हवा लागते, त्यामुळे मिश्रणाचं गुणोत्तर १४.७ न राहता साडेतेरावर येतं, आणि इथेनॉल जड असल्याने घनता जाते ०.७५ वर. तेच गणित नव्याने केलं तर तासाला ४.२७ लिटर, ॲव्हरेज चौदा. ॲप पंधरा दाखवतं, टाकी चौदा देते, आणि तुम्ही पंपवाल्यावर संशय घेता. घाट उतरताना तर ॲप आणखी चुकतं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर बंद असतात, हवा मात्र जातच असते, आणि ॲप तिच्यावर पेट्रोलचं बिल फाडत बसतं.

ज्या ॲपात हे आकडे बदलता येतात तिथे हवा-इंधन गुणोत्तर १३.५ आणि घनता ०.७५ घाला. दोन्ही आकडे फळ्यावर लिहितो. उतरवून घ्या, तोवर प्रश्न असतील ते विचारा.